बसची मार्गिका रिकामी का दिसते, आणि रस्ता खोदला की आधी तीच का जाते?

पुण्यात बीआरटीचा, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकांचा, विषय निघाला की दोन वाक्ये ठरलेली. "एवढी कोंडी आहे आणि मधली लेन रिकामी पडलीय" हे पहिले. "बस वेळेवर येतच नाही, मग त्यात बसणार कोण?" हे दुसरे. दोन्ही वाक्ये बोलणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेली असतात, त्यामुळे त्यांना खोटे म्हणता येत नाही. पण रस्त्याच्या कडेला उभे राहून जे दिसते त्यावरून मार्गिका चालतेय की नाही हे ठरवता येत नाही, आणि पुण्यातली बरीचशी भांडणे याच पाहण्यावर चालली.

थोडी पार्श्वभूमी. देशातला पहिला बीआरटी मार्ग पुण्यातच, कात्रज-स्वारगेट-हडपसर असा, डिसेंबर २००६ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाला. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने गाड्यांपेक्षा माणसे हलवायला प्राधान्य द्या असे सांगितले होते आणि केंद्राचा पैसा नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून येत होता. ऑगस्ट २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी, पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमधले मार्ग आणि २०१६ मध्ये नगर रस्ता अशी 'रेनबो' नावाची दुसरी फळी आली. दापोडी-निगडी मार्ग बांधून तयार होता, पण सुरक्षिततेच्या प्रश्नावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि बस धावायला २०१८ उजाडले. सातारा रस्त्यावरचा पहिला मार्ग पुन्हा खर्च करून नव्याने बांधावा लागला. आणि २०२३ पासून नगर रस्त्यावरची बीआरटी टप्प्याटप्प्याने उखडायला सुरुवात झाली. दिल्लीत हेच आधी होऊन गेले होते. आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला, २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो बंद करण्याची मागणी फेटाळली, तरी २०१६ मध्ये सरकारनेच तो काढून टाकला.

म्हणजे न्यायालयात टिकलेली मार्गिकाही रस्त्यावर हरू शकते. का, ते आता पाहू.

अठ्ठावन्न सेकंद रिकामी

समजा एका मार्गिकेतून तासाला ६० बस जातात, म्हणजे मिनिटाला एक. पुण्याच्या मानाने ही उत्तम वारंवारिता झाली. बस ताशी २५ किलोमीटरने चालली तर सेकंदाला साधारण ७ मीटर जाते. १२ मीटर लांबीची बस तुमच्यासमोरून दोन सेकंदांच्या आत निघून जाते. उरलेले ५८ सेकंद डांबर रिकामे. दोन बसमध्ये चारशे मीटरहून जास्त अंतर असते. शेजारच्या मार्गिकेत पहिल्या गिअरवर अडकलेल्या माणसाला हे ५८ सेकंद दिसतात. बसमधली माणसे त्याला दिसत नाहीत, कारण ती निघून गेलेली असतात.

उलट बाजूने बघा. खच्चून भरलेली मार्गिका फार माणसे वाहून नेते असे वाटते. पण खच्चून भरलेली म्हणजे थांबलेली. मोजायचे असते ते एका तासात चौकापलीकडे किती माणसे गेली ते.

वाहतूक अभियंते वेगवेगळ्या वाहनांना एका मापात आणण्यासाठी पीसीयू वापरतात. एक कार म्हणजे एक पीसीयू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांसाठीच्या जुन्या मानकात, एखादे वाहन रस्त्यावर दहा टक्के किंवा अधिक असेल तर दुचाकीला ०.७५, रिक्षाला २ आणि बसला ३.७ असे आकडे दिले आहेत. सिग्नल हिरवा असताना रस्त्याच्या दर मीटर रुंदीतून तासाला सुमारे ५२५ पीसीयू सुटतात असे धरतात. साडेतीन मीटरची मार्गिका असेल तर १,८०० च्या आसपास. पण सिग्नल काही तासभर हिरवा नसतो. १२० सेकंदांच्या फेरीत तुमच्या वाट्याला ३६ सेकंद आले तर हाती राहतात ५५० पीसीयू.

या ५५० मध्ये ३६० दुचाकी, १८० कार आणि ५० रिक्षा बसतात. दुचाकीवर सरासरी १.४, कारमध्ये १.६ आणि रिक्षात १.८ माणसे धरली (हे गृहीत धरलेले आकडे आहेत, तुमच्या चौकात वेगळे येतील) तर एका मार्गिकेतून तासाला ८८० च्या आसपास माणसे जातात. एका बसमध्ये ४५ माणसे धरली तर तेवढ्यासाठी २० बस लागतात, म्हणजे दर तीन मिनिटांना एक. ढोबळ नियम म्हणून हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही. दर तीन मिनिटांना भरलेली बस येत असेल तर मार्गिका आपल्या जागेचे मोल वसूल करते. दर दहा मिनिटांना एक येत असेल तर ती मार्गिका चोवीस तास फक्त बससाठी ठेवण्याचे समर्थन करणे अवघड आहे. बीआरटीच्या बाजूने बोलणारे हे सहसा कबूल करत नाहीत.

या हिशेबाला एक छिद्रही आहे. मार्गिका काढली तरी त्या २० बस नाहीशा होत नाहीत, त्या सर्वसाधारण वाहतुकीत येतात आणि तिथे फक्त ७४ पीसीयू खातात. मग वेगळी मार्गिका देऊन मिळते काय? वेळ, आणि वेळेची खात्री. एका मार्गावर १२ बस आहेत आणि एक फेरी पूर्ण व्हायला १२० मिनिटे लागतात, तर थांब्यावर दर १० मिनिटांनी बस येईल. मोकळ्या मार्गिकेमुळे फेरी ९० मिनिटांत झाली तर त्याच १२ बस, तेच चालक, जवळपास तेवढेच इंधन, आणि थांब्यावर दर साडेसात मिनिटांनी बस. पीएमपीला, म्हणजे पुण्याच्या बससेवेला, एकही बस विकत न घेता चार बस जादा मिळाल्यासारखे झाले. मार्गिकेचा खरा फायदा इथे आहे, आणि तो रस्त्याच्या कडेला उभे राहून दिसणे शक्यच नाही.

पण फेरीचा हा वेळ वाचण्यासाठी मार्गिका सलग हवी. मध्ये दोनशे मीटर तुटली आणि तिथे बस चौकाच्या रांगेत सापडली, तर आधीच्या तीन किलोमीटरमध्ये कमावलेले सगळे एका सिग्नलला जाते.

चौकात सगळे ठरते

मार्गिका काढल्यावर कोंडी सुटते का? दोन चौकांमधल्या सरळ पट्ट्यात जागा वाढते, हे खरे. पण शहरातल्या रस्त्याची क्षमता सर्वात अरुंद जागी आणि सिग्नलवर ठरते. टाकी मोठी केली म्हणून तोटीतून पाणी जास्त येत नाही. मधल्या पट्ट्यात एक मार्गिका वाढली आणि चौकात तेवढीच रुंदी, तेवढाच हिरवा वेळ राहिला, तर रांग लांबीऐवजी रुंदीत उभी राहते, इतकेच. पहिले काही आठवडे मोकळे वाटते. बीआरटी काढताना चौकातही एक जादा मार्गिका मिळाली का, उजव्या वळणासाठी वेगळी जागा निघाली का, यावर पुढचे सगळे अवलंबून. ते झाले असेल तर फरक खरोखर पडतो, हेही मान्य करायला हवे.

मार्गिका मध्यभागी ठेवण्याची अडचणही चौकातच समोर येते. आपण डावीकडून वाहने चालवतो, त्यामुळे मधल्या मार्गिकेतून सरळ जाणारी बस आणि तिच्या डावीकडून उजवीकडे वळणारी कार एकमेकांना छेदतात. उपाय तीन. उजव्या वळणाला सिग्नलचा स्वतंत्र टप्पा द्यायचा, उजवे वळण बंद करून पुढे यू-टर्न द्यायचा, किंवा बसला चार-पाच सेकंद आधी हिरवा द्यायचा. पहिला उपाय सोपा दिसतो पण महाग पडतो. प्रत्येक टप्पा बदलताना पिवळा आणि सर्व बाजू लाल धरून साधारण चार सेकंद वाया जातात. टप्पे वाढले की सिग्नलची फेरी लांबते, फेरी लांबली की रांगा लांबतात, आणि रांगा लांबल्या की लोक दुभाजक ओलांडतात. दिल्लीत चिराग दिल्ली चौकात नेमके हेच झाले. तिथली लांबलचक फेरी हे त्या मार्गाच्या बदनामीचे मोठे कारण होते.

मग मार्गिका कडेला का ठेवू नये? कारण कडेला पार्किंग, रिक्षा थांबे, टेम्पोतून उतरणारा माल, सोसायट्यांची फाटके आणि डावीकडे वळणारी वाहने असतात. कडेची मार्गिका दिवसभर माणूस उभा केल्याशिवाय मोकळी राहत नाही. मधल्या मार्गिकेला हा त्रास नाही, पण प्रत्येक प्रवाशाला निम्मा रस्ता ओलांडून थांब्यावर जावे लागते. उंचवट्याचा पादचारी मार्ग, त्यासाठी सिग्नल आणि दुभाजकावर थांबायला पुरेशी रुंद जागा या तीन गोष्टी नसतील तर मधला थांबा जिवावर बेततो. विरोधकांचा सुरक्षिततेचा मुद्दा पुण्यात अनेकदा बरोबर होता. बस भरधाव येते, शेजारची वाहने थांबलेली असतात, आणि त्या वाहनांच्या आडून माणूस अचानक मार्गिकेत येतो. चालकाला ब्रेक लावायलाही वेळ मिळत नाही.

घुसखोरीचे तर्कशास्त्रही समजून घ्या. एक दुचाकीस्वार आत घुसला तर त्याचे पाच मिनिट वाचतात आणि बसचे फारसे बिघडत नाही. पन्नास घुसले तर चौकात बसच्या पुढे पन्नास दुचाकी उभ्या राहतात आणि मार्गिका संपते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० पर्यंत आहे. रक्कम कमी नाही, पकडले जाण्याची शक्यता कमी आहे. वॉर्डन शिट्टी वाजवू शकतो, पण ई-चलान फाडण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि हे घुसणाऱ्याला चांगले माहीत असते. प्रवेशाच्या तोंडावर नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा आणि त्यातून थेट जाणारे चलान, याला पर्याय नाही. बोलार्ड लावले तर दोन खांबांतले अंतर बसला पुरेल एवढे ठेवावेच लागते, म्हणजे दुचाकी सहज जाते.

मेट्रोला आणि बसला एकच जागा हवी असते

उन्नत मेट्रोचे खांब रस्त्याच्या मध्यावर येतात, कारण दोन्ही बाजूंच्या इमारतींपासून समान अंतर तिथेच मिळते आणि भूसंपादन लागत नाही. काम चालू असताना खांबांभोवती साधारण ८ ते ९ मीटर रुंदीचा पट्टा पत्र्यांनी बंद करतात. पायलिंगचे (जमिनीत खोल पाया घालायचे) यंत्र, सळ्यांचे पिंजरे, काँक्रीटचा मिक्सर आणि क्रेन यांना तेवढी जागा लागते. आता बीआरटीचे माप बघा. साडेतीन मीटरच्या दोन मार्गिका म्हणजे ७ मीटर, त्यात थांबा आला की आणखी तीन. मेट्रोचा पत्रा आणि बसची मार्गिका अक्षरशः एकमेकांवर बसतात. नगर रस्त्यावर येरवड्याच्या बाजूला मेट्रोच्या कामाने बीआरटी तुटली ती अशी.

कागदावर हा तात्पुरता बदल असतो. पण एका खांबाचे काम म्हणजे पायलिंग, पाइल कॅप (पायावरचा काँक्रीटचा ठोकळा), खांब, त्यावरचे डोके आणि मग सेगमेंट (पुलाचे तयार तुकडे) चढवणे. हे टप्पे वेगवेगळ्या पथकांकडे असतात, त्यामुळे एका ठिकाणचा पत्रा महिनोन् महिने हलत नाही. तोवर मधले थांबे ओस पडतात, रेलिंग वाकते, पत्रा निघाला की तिथे मिश्र वाहतूक शिरते आणि सवय होते. मग "बंदच आहे तर काढून टाका" ही मागणी येते, आणि ती अवास्तव वाटत नाही. वाईट हे की या सगळ्या काळात बसची फेरी लांबलेली असते, वारंवारिता घसरलेली असते आणि प्रवासी दुचाकीवर गेलेले असतात. त्यानंतर केलेल्या मोजणीत बीआरटी नापास होणारच. बांधकाम चालू असताना किंवा नुकतेच संपल्यावर केलेली मोजणी कोणी पुरावा म्हणून पुढे केली तर तारीख विचारायची.

काम चालू असताना बसचे काय करायचे याचे चांगले उत्तर आहे, ते फक्त वापरले जात नाही. पुण्याची बीआरटी खुल्या पद्धतीची आहे. बस मार्गिकेत शिरते, पुढे बाहेर पडून साध्या रस्त्यावर चालते. मधल्या थांब्यांसाठी उजवीकडे आणि नेहमीच्या थांब्यांसाठी डावीकडे दार असलेल्या बस त्यासाठीच आहेत. त्यामुळे मध्यभाग बंद झाला तर गर्दीच्या वेळेपुरती, सकाळी आणि संध्याकाळी, कडेची मार्गिका बसला देता येते. त्यासाठी त्या वेळात पार्किंग बंद, चौकाआधीचे शेवटचे शंभर मीटर बसला मोकळे आणि डावे थांबे आधी तयार, एवढे लागते. सर्वात जास्त फायदा चौकाआधीच्या त्या शंभर मीटरमध्ये आहे. सगळा रस्ता देता येत नसेल तर तेवढे तरी द्यावे.

पत्रा कसा लावायचा यालाही नियम आहेत

कामाच्या जागी वाहतूक कशी हाताळायची याचे इंडियन रोड्स काँग्रेसचे एक स्वतंत्र मार्गदर्शन आहे, एसपी ५५. निविदेत त्याचा उल्लेख असतो, जागेवर बहुतेक वेळा नसतो. त्यात रस्त्याचे चार भाग केले आहेत. आधी सूचना देणारा पट्टा, मग वाहने हळूहळू बाजूला सरकवणारा निमुळता पट्टा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी वाहने पूर्ववत जागी आणणारा छोटा पट्टा. ताशी ५० किलोमीटर किंवा कमी वेगाच्या रस्त्यावर सूचनेसाठी १०० मीटर आणि निमुळत्या भागासाठी ५० मीटर लागतात. आपल्याकडे पहिले दोन पट्टे गायब असतात. पत्रा अचानक काटकोनात उभा असतो, रात्री त्यावर दिवा नसतो, आणि पहिली धडक दुचाकीची बसते.

आणखी काही गोष्टी सहज तपासता येतात. बस आरशांशिवाय सुमारे २.६ मीटर रुंद असते, म्हणून बस जाणारी मार्गिका तीन मीटरच्या खाली गेली की चालक शेजारच्या मार्गिकेवर चढतो आणि दोन्ही अडतात. बस आतल्या रस्त्याने वळवली असेल तर कोपऱ्यावर बाहेरच्या बाजूने सुमारे १२ मीटर त्रिज्या मोकळी हवी. कोपऱ्यावर उभी एक चारचाकी पूर्ण वळण बंद करते, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना पार्किंगबंदी असल्याशिवाय तो वळवलेला मार्ग फक्त कागदावर चालतो. चौकाच्या तोंडाशी उंच पत्रा असेल तर आडवी येणारी गाडी दिसत नाही, तिथे जाळी लावायला हवी. आणि पदपथावर राडारोडा टाकला की पादचारी रस्त्यावर उतरतो, म्हणजे आधीच अरुंद झालेल्या रस्त्याची आणखी एक मार्गिका जाते.

काम लांबण्याची कारणे बहुतेक जमिनीखाली असतात. पाण्याची वाहिनी, ड्रेनेज, पावसाळी गटार, महावितरणच्या केबल, गॅस, इंटरनेटच्या नळ्या. जुन्या पेठांजवळच्या रस्त्यांवर यातल्या निम्म्यांचा नकाशा भरवशाचा नसतो. आधी चाचणी खड्डे घेऊन काय कुठे आहे ते पाहिले तर आठवडे वाचतात. न पाहता यंत्र घातले की जलवाहिनी फुटते आणि सगळे थांबते. खोदाई बुजवताना मुरूम किंवा खडी दीड-दोनशे मिलिमीटरच्या थरांत टाकून प्रत्येक थर दाबायचा असतो. एका दमात खड्डा भरून वर डांबर ओतले तर पहिल्या पावसात तो पट्टा खचतो. पुण्यातल्या रस्त्यांवरचे ते सरळ रेषेतले लांबलचक खळगे म्हणजे असे न दाबलेले चर.

काँक्रीटचा रस्ता इतके दिवस बंद का ठेवतात, हाही नेहमीचा प्रश्न. डांबर थंड झाले की त्याच दिवशी वाहतूक सोडता येते. काँक्रीटला किमान १४ दिवस पाणी मारून ओले ठेवावे लागते आणि पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. घाईने बस सोडली तर कोपऱ्यातून तडे जातात. बसथांब्याजवळ मात्र काँक्रीटच हवे. रोज शेकडो वेळा त्याच चाकोरीत ब्रेक लागल्यावर उन्हाळ्यात डांबर सरकते आणि लाटा पडतात. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे ड्रेनेजचे चेंबर. रस्त्याच्या पातळीत आणले नाही तर ते नेमके बसच्या चाकाखाली येते, आणि चालक ते चुकवायला मार्गिका सोडतो.

बंदी घालण्याचा अधिकार कोणाचा

रस्ता महापालिकेच्या पथ विभागाचा, बस पीएमपीची, खोदाई मेट्रोची, पण 'या मार्गिकेत फक्त बस' असा बंधनकारक आदेश वाहतूक पोलिसांचा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ११५ वाहनांच्या वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकार देते, कलम ११६ खाली चिन्हे लावतात, कलम ११७ पार्किंग आणि थांब्यांसाठी आहे. शहरात हे आदेश वाहतूक शाखेचे उपायुक्त काढतात.

कलम ११५ मधली एक ओळ उपयोगाची आहे. निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्याहून जास्त काळ ठेवायचा असेल तर राजपत्र हवे. 'प्रायोगिक तत्त्वावर' म्हणून काढलेला आदेश वर्षभर चालू असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की मुदत किती होती आणि नंतर अंतिम आदेश निघाला का. बस-मार्गिकेलाही हे लागू आहे आणि ती बंद करून वाहतूक सोडण्यालाही.

आदेश वाचताना तीन गोष्टी शोधा. कोणत्या वाहनांना मुभा आहे ते नाव घेऊन लिहिले आहे का? रुग्णवाहिका आणि अग्निशमन सोपे आहेत. एसटी, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस इथे वाद होतात आणि 'इतर अत्यावश्यक' असे मोघम शब्द घुसखोरीला दार उघडतात. दुसरे, वेळ आणि हद्द: कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत, कोणत्या दिवशी, किती ते किती. तिसरे, चिन्हे प्रत्यक्ष लागली आहेत का. फलक झाडामागे असेल किंवा रंग उडाला असेल तर दंडाला आव्हान देणे सोपे जाते, आणि पोलीसही मग कारवाई टाळतात.

प्रायोगिक आदेशाच्या शेवटी बहुधा हरकती-सूचना लेखी मागवलेल्या असतात. "या बदलामुळे आम्हा रहिवाशांना त्रास होतो" एवढ्याच मजकुराचे पत्र फाइलला लागते आणि तिथेच राहते. मोजणी जोडलेले पत्र वाचावे लागते. मोजणीला फार काही लागत नाही. मंगळवार ते गुरुवारपैकी एक दिवस, सकाळी नऊ ते दहा, दोन माणसे. एकाने चौकाची रेषा ओलांडणारी वाहने प्रकारानुसार पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार खणांत लिहायची. दुसऱ्याने बस मोजायच्या आणि प्रत्येकीपुढे तीनपैकी एक खूण करायची: जागा रिकाम्या, जागा भरलेल्या, उभे प्रवासी. पहिलीला २०, दुसरीला ३५, तिसरीला ५५ माणसे धरली तर ढोबळ हिशेबाला पुरे. सोबत सिग्नलची फेरी आणि आपल्या बाजूचा हिरवा वेळ मोबाइलवर मोजून लिहायचा. मोजणी संध्याकाळी पुन्हा करायची, कारण सकाळी शहरात येणारी बाजू भरते आणि संध्याकाळी जाणारी. सुट्टी, पाऊस, गणपती, पालखीचे दिवस टाळायचे.

कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. 'वाहतूक कोंडीबाबत माहिती द्या' असे विचारले तर काही हाती लागत नाही. नेमके कागद मागायचे: त्या कामाचा कार्यारंभ आदेश, वाहतूक शाखेचे ना-हरकत पत्र आणि त्यातल्या अटी, मंजूर वाहतूक वळवण्याचा आराखडा, निविदेतला बॅरिकेड, दिवे आणि वॉर्डन यांचा दर व संख्या, आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत. वॉर्डनची संख्या मंजूर आहे आणि जागेवर माणूस नाही, असे निघाले तर प्रश्न लगेच पैशाचा होतो आणि हालचाल होते.

स्वारगेट-कात्रज मेट्रो सुमारे साडेपाच किलोमीटर भुयारी आहे. बोगदा यंत्राने पोखरला की वरचा रस्ता बहुतांश मोकळा राहतो. पत्रे लागतात ते स्थानकांच्या खोदाईपाशी, म्हणजे मोजक्या ठिकाणी पण दीर्घकाळ. हा सातारा रस्ता, जिथे २००६ मध्ये सुरुवात झाली होती. इथल्या प्रत्येक वाहतूक आदेशात पत्र्यालगत बस कुठून जाईल, त्या भागात चौकाआधीची मोकळी जागा कोणाला मिळेल, आणि काम संपल्यावर मार्गिका, थांबे आणि रेलिंग पूर्ववत करण्याचा खर्च कोणाच्या माथी, या तीन ओळी आहेत का ते बघायचे. तिसरी ओळ काम सुरू होण्याआधीच करारात यावी लागते. पत्रे निघाल्यावर ती घालायला गेले तर ठेकेदाराचे बिल निघालेले असते आणि पथ विभाग नवी निविदा काढायला सांगतो.